नाळेवरचे सुकाणू



वसंत व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि किल्ले यांची अपेक्षा असते, आणि माहुलीच्या पायथ्याशी बसलेल्या श्रोत्यांना ती असणे साहजिकच आहे. आम्ही मात्र आज एका लहानशा यंत्राचा इतिहास सांगणार आहोत. मासे धरण्यासाठी होडीच्या पुढच्या टोकावर बसवायची विजेची मोटार, एवढेच ते यंत्र. ते चालविणाऱ्याच्या मांडीएवढेही मोठे नसते. परंतु कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालविल्यामुळे आम्हांला एक सवय जडली आहे. कोणतेही यंत्र समोर आले की ते कसे चालते हे आम्ही आधी पाहतो, मग त्याने कोणाचे कष्ट वाचले ते पाहतो, आणि शेवटी ते कोणाच्या हाती गेले ते विचारतो. याच तीन प्रश्नांच्या वाटेने आज जायचे आहे, आणि ती वाट शेवटी भातसा आणि बारवीच्या काठी येते.

प्रथम मासेमारीची ती रीत समजून घेऊ. आपल्याकडे मासे धरण्याचे प्रकार पुष्कळ. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे चढणीचे मासे हातांनी, टोपल्यांनी धरतात. वाहत्या पाण्यात बांबूचे सापळे लावतात, उथळ डोहात पाग फेकतात, काठावर बसून गळ टाकतात. या सगळ्यांत माणूस एका जागी असतो आणि मासा त्याच्याकडे येतो. ज्या रीतीविषयी आम्ही बोलत आहोत तिच्यात हे उलटे होते. होडी संथ चालवायची आणि तिच्यामागे लांब दोऱ्यांना बांधलेले गळ पाण्यातून ओढत न्यायचे. गळाला लावलेले आमिष पळणाऱ्या लहान मासळीसारखे दिसते आणि शिकारी जातीचा मोठा मासा त्याच्यावर झडप घालतो. सोयीसाठी आपण तिला ‘ओढता गळ’ म्हणू.

ऐकायला सोपे वाटते, पण अडचण वेगात आहे. होडी फार जोरात गेली तर आमिष पाण्याच्या वर उसळते, आणि थांबली तर तळाला जाऊन झुडपात अडकते. माणूस रमतगमत चालतो त्या चालीने, म्हणजे ताशी दोनतीन किलोमीटरने, ती पुष्कळदा चालवावी लागते. आणि नेमकी या चालीतच होडी ऐकेनाशी होते. मागचे सुकाणू कशावर काम करते? त्याच्या फळीवर आदळणाऱ्या पाण्यावर. होडीला वेग असेल तर पाणी फळीवर जोराने आदळते आणि होडी वळते. वेग गेला की फळीवरचा दाब जातो आणि सुकाणू नुसते हलत राहते. त्यातच हलक्या होडीचे पुढचे टोक पाण्यावर उचललेले असते. वाऱ्याची एक झुळूक आली की ते टोक भलतीकडे फिरते. होडीच्या या पुढच्या टोकाला दर्यावर्दी लोक नाळ म्हणतात. संथ चालीत नाळ ताब्यात ठेवणे हाच ओढत्या गळाचा मुख्य प्रश्न होय.

मागून वळविण्याची पद्धत फार जुनी आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे एक चित्र आहे. त्यातही वळविण्याची मोठी वल्ही मागच्या अंगालाच आहेत. पुढे वल्ह्याची जागा मधोमध बसविलेल्या सुकाणूने घेतली, पण ठिकाण बदलले नाही. नाळेवर उभा राहणारा खलाशी खडक पाही, ओरडून सांगे, आणि वळविणारा हात मागे असे. मोठ्या गलबताला ते सोयीचे होते, कारण त्याला मुक्कामाला पोहोचायचे असते. रांगायचे नसते.

जमिनीवर मात्र आपल्या पूर्वजांनी उलट रीत पत्करली होती. मुरबाडवरून नाणेघाटाकडे जाणारी वाट आपल्या परिचयाची आहे. सातवाहनांच्या काळापासून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांचा माल या वाटेने घाट चढून जुन्नरकडे जात होता. बैलगाडी घेतली तर बैल पुढे असतो आणि गाडी त्याच्यामागे मुकाट्याने येते. तीच गाडी चार माणसांनी मागून ढकलून पाहावी. दहा पावलांत ती वाकडी जाते आणि जो तो दुसऱ्याला दोष देऊ लागतो. पुढून ओढलेली वस्तू ओढणाऱ्याच्या मागे सरळ येते आणि मागून ढकललेली वस्तू फिरू पाहते. बैलगाडी हाकणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. होडीला ते लागू करायला विसावे शतक उजाडावे लागले, याचे कारण असे की पाण्यात पुढून ओढणारा बैलच नव्हता.

तो बैल विजेने दिला. १८३८ साली रशियात नेवा नदीवर मोरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाने विजेवर चालणारी होडी फिरविली. पण त्या काळच्या विद्युतघटात जस्त खर्ची पडत असे, म्हणून हा प्रयोग बादशहाच्या खजिन्यालाच परवडणारा होता. १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने शिशाची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. मग १८८१ साली पॅरिसमध्ये सीन नदीवर ग्युस्ताव्ह त्रूव्हे या कारागिराने एक युक्ती केली. त्याने मोटार सुकाणूच्या डोक्यावर बसविली आणि पाणी कापणारा पंखा सुकाणूच्या फळीतच घातला. हा सगळा सरंजाम उचलून घरी नेता येई. ढकलणारी शक्ती आणि वळविणारी फळी ही दोन कामे तोवर वेगळी होती. त्रूव्हेने ती एकाच दांड्यावर आणली. पंखाच जिकडे वळेल तिकडे होडी जाणार म्हटल्यावर वेगाची अट राहिली नाही, आणि होडी उभी असतानाही वळू लागली. आमच्या मते आजच्या नाळेवरच्या मोटारीचे मूळ येथे आहे.

त्यानंतर काही काळ विजेच्या होड्यांची चलती होती. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पन्नासांहून अधिक विजेच्या होड्या प्रवाशांना फिरवीत होत्या. धूर नाही, आवाज नाही, तेलाचा वास नाही. परंतु बॅटरी जड होती आणि ती भरायची सोय ठरावीक धक्क्यांवरच होती. १९०९ साली ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने होडीच्या मागे टांगायचे पेट्रोलचे इंजिन अमेरिकेत विकायला आणले आणि विजेची होडी मागे पडली. पेट्रोल डब्यातून कोठेही नेता येत होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विजेची मोटार वाईट होती म्हणून हरली नाही. तिच्यामागे सोय उभी नव्हती म्हणून हरली.

पेट्रोलच्या इंजिनाने लांबचे अंतर जिंकले, पण संथ चालीचा प्रश्न त्याला सुटला नाही. ते मुळात पळण्यासाठी बांधलेले असते. फार हळू चालविले की ते खोकते, बंद पडते, आणि मासे बिथरण्याइतका आवाज करते. १९३४ साली अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो गावी ओ. जी. श्मिट नावाच्या गृहस्थाने फोर्ड कंपनीच्या मॉडेल ए मोटारगाडीचा स्टार्टर घेतला. गाडीचे इंजिन क्षणभर फिरवून देण्यापुरती ती लहानशी विजेची मोटार असते. त्याने तिला लवचीक दांडा जोडला, दांड्याच्या टोकाला पंखा लावला आणि गाडीच्याच बॅटरीवर ती पाण्यात चालविली. मिनेसोटा आणि डाकोटा या दोन राज्यांच्या सीमेवरचा हा उद्योग पुढे ‘मिन कोटा’ या नावाने जगभर गेला.

प्रथम ही मोटारही मागेच टांगली जाई. हळूहळू मासेमारी करणाऱ्यांना बैलाचा न्याय समजला आणि त्यांनी ती नाळेवर नेली. आता पंखा पुढे पाणी ओढतो, नाळ त्याच्यामागे जाते आणि उरलेली होडी नाळेमागे. मागे इंजिन आहे अशा होडीवर कामाची वाटणीही झाली. मागचे लहान इंजिन एकसारखा मंद रेटा देते आणि पुढची विजेची मोटार फक्त दिशा राखते. याचा फायदा गळांना होतो. मागून झटक्याने वळविलेली होडी आपले शेपूट बाहेर फेकते. मग वळणाच्या आतल्या बाजूचे गळ मंदावून खाली बुडतात, बाहेरचे वेगाने वर येतात आणि दोऱ्या एकमेकींत गुंततात. नाळ हळुवार ओढून घेतलेले वळण मोठे आणि गोल असते, त्यामुळे गळ आपापल्या रांगेत राहतात. शिवाय मोटारीला केवळ दिशेचे काम उरल्याने बॅटरी पुष्कळ टिकते.

हिशेब पाहा. १२ व्होल्टची लहान मोटार पूर्ण जोरात सुमारे ५० अँपिअर वीज खाते, म्हणजे ६०० वॅट. एका अश्वशक्तीहूनही कमी. १०० अँपिअर-तासांची बॅटरी अशा जोरात दोन तासांत संपेल, पण दहा अँपिअरवर संथ चालविली तर कामाचा अर्धा दिवस सहज निघतो. शिशाच्या अशा बॅटरीचे वजन पंचवीस-तीस किलो, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीइतके असते. आजच्या लिथियमच्या बॅटरीचे त्याच्या निम्म्याच्या आसपास.

नाळेवर गेलेली मोटार पुढे हातातूनही सुटली. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेत पायाने वळविण्याची मोटार निघाली. शिंप्याच्या मशीनला पायटा असतो तसा येथेही पायटा आला आणि दोन्ही हात गळासाठी मोकळे झाले. अलीकडे उपग्रहाच्या खुणेवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या आहेत. नेमून दिलेल्या रेषेवर त्या होडी आपोआप नेतात, आणि थांब म्हटले की वारा असो, प्रवाह असो, नांगर न टाकता तिला एका जागी धरून ठेवतात.

येथे आमच्यातला कामगार कार्यकर्ता जागा होतो. पूर्वी होडीवर दोन माणसे लागत, एक वल्हवणारा आणि एक मासे धरणारा. आता एकच पुरतो. मग दुसरा कोठे गेला? हौशी मासेमारीत या प्रश्नाला फारसा अर्थ नाही, पण पोटासाठीच्या कामात आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनांऐवजी तीन माग चालवावेत असा मालकांचा आग्रह सुरू झाला. त्या वर्षीच्या सहा महिन्यांच्या प्रचंड संपामागे जी कारणे होती त्यांत हे एक मोठे कारण होते. कामगार यंत्राच्या विरुद्ध उठला होता असे पुष्कळांनी लिहिले आहे. ते बरोबर नाही. तिसऱ्या मागावर विणलेल्या कापडाचा नफा कोणाचा आणि रिकाम्या झालेल्या हातांचे काय, हे तो विचारीत होता. यंत्राने वाचविलेले कष्ट हा ठेवा आहे, परंतु त्याची वाटणी यंत्र करीत नाही. ती माणसांना आपसांत करावी लागते.

हाच प्रश्न आपल्या पाण्यावर आणून पाहू. त्याआधी एक दुवा सांगितला पाहिजे. विजेची ही मोटार अमेरिकेत फैलावली तिची कारणे अनेक आहेत, पण एक आपल्या कामाचे आहे. तेथे पिण्याच्या पाण्याच्या अनेक तलावांवर तेलाच्या इंजिनांना मनाई आहे. तेलाचा तवंग पाण्यात नको, एवढा साधा विचार त्यामागे होता. नियम झाला आणि त्या नियमाच्या आधाराने विजेच्या मोटारीला गिऱ्हाईक मिळाले.

पिण्याच्या पाण्याचे तलाव म्हटले की आपल्या तालुक्यांचीच नावे घ्यावी लागतात. मुंबईसाठी १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी हे तलाव झाले. ते पुरेनात म्हणून १८९२ साली तानसा बांधला गेला, आणि मुंबईची तहान शहापुरात येऊन पोहोचली. १९५७ साली मोडकसागर झाला. भातसा १९८० नंतरच्या दशकात पाणी देऊ लागला, आणि मध्य वैतरणा २०१४ साली पुरा झाला. मुंबईच्या सात तलावांचा एकूण उपयुक्त साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर धरतात. त्यातले ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या भातशाचे आहेत. मुरबाडच्या अंगाला १९७२ साली औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण झाले, पुढे त्याची उंची वाढली, आणि २०१९ साली वाढीव उंचीपर्यंत पाणी चढले. अंबरनाथ-डोंबिवलीचे कारखाने आणि आसपासची शहरे त्याच्यावर जगतात. इकडे शहापुरातल्या कित्येक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे या सभेला आम्ही सांगायला नको.

धरण होण्यापूर्वी तेथे शेत होते, ओढा होता, जंगल होते. ओढ्यातला मासा काठच्या ठाकूर, कातकरी आणि कुणब्याच्या ताटात येत होता. ओढ्याचा समुद्र झाला तेव्हा जुनी साधने निकामी झाली. बांबूचा सापळा वीस पुरुष खोल पाण्यात काय करील? रोहू, कटला, मृगळ यांसारख्या वाढविलेल्या माशांसाठी तेथे मोठी जाळी लागतात आणि ती टाकायला होडी लागते. आपल्या राज्यातल्या धरणांवर मात्र होडीच्या ऐवजी ट्रकच्या चाकातला हवा भरलेला फुगा किंवा थर्माकोलचा तराफा सर्रास दिसतो. त्यावर बसून, हातांनी पाणी मारीत माणूस जाळे सोडतो. मागचे सुकाणू नाही, पुढची मोटारही नाही. वारा उठला की तो वाऱ्याचा. अशा फुग्यावरून पडून माणसे बुडतात, आणि त्यांच्या घरी भरपाईचा कागद पोहोचायला वर्षे जातात.

अशाच एका जलाशयाच्या काठी आम्ही वीटभट्टीच्या मजुरांच्या बैठकीला गेलो होतो. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात, तेव्हा त्यांतली काही कुटुंबे मासे धरतात. नवरा जाळे सोडतो, बायको जुन्या होडीचे वल्हे मारते. आम्ही त्यांना नाळेवरच्या मोटारीची गोष्ट सांगितली. ती बाई म्हणाली, “दादा, मोटार आली तं माझे हात सुटतील, ते बरंच हाय. पण मासा कोनाचा, ते पयले सांगा.” आम्हांला जो विचार मांडायला एवढे व्याख्यान लागले तो तिने एका वाक्यात मांडला होता.

मासा कोणाचा, याचे उत्तर आज कागदावर असते. जलाशयातली मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत ठरावीक मुदतीच्या ठेक्याने दिली जाते, आणि कायद्याच्या अपेक्षेप्रमाणे ती मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे जावी. संस्था खरोखर पाण्यावर जाणाऱ्यांची असेल तर ती होडी घेते, बी सोडते आणि भाव ठरविते. संस्थेचे सभासद काठावर बसणारे असतील तर फुग्यावरचा माणूस किलोमागे मजुरी घेणारा गडी होतो. त्याच्या हाती उद्या उपग्रहाची मोटार दिली तरी त्याची स्थिती बदलणार नाही. उलट, वल्हे मारणारी बायको हिशेबातून वगळली जाईल आणि दोघांच्या श्रमाला एकाची मजुरी पडेल. तीन मागांची कथा भातशावर पुन्हा घडेल.

म्हणून आम्ही क्रम उलटा लावू नये असे म्हणतो. आधी हक्क, मग मोटार. हक्कासाठी आधार नाही असेही नाही. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यांतील मासे आणि इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क कलम ३ मध्ये स्पष्ट मान्य केला आहे. जंगलाच्या वाटणीत ग्रामसभा लाकूडफाटा, बांबू, मोह यांचे दावे भरतात. माशांचा रकाना पुष्कळदा कोरा राहतो. जेथे तो हक्क लागू होतो तेथे तो रकाना भरला पाहिजे. जेथे ठेक्याची पद्धत आहे तेथे धरणग्रस्त आणि प्रत्यक्ष मासे धरणारे यांच्याच संस्थेला तो मिळाला पाहिजे, आणि सभासदांच्या यादीत वल्हे मारणाऱ्या स्त्रीचे नाव स्वतंत्र असले पाहिजे. बारवीच्या धरणग्रस्तांनी लढून घरटी नोकरीचा निर्णय मिळविला. जमीन बुडाली तर उपजीविका मागता येते हे त्यांनी दाखवून दिले आहे. पाण्याखाली गेलेल्या जमिनीवर आज जो मासा पोहतो त्याच्यावरचा दावा त्याहून वेगळा नाही.

मग मोटार यावी, आणि ती विजेचीच यावी. आपले पाणी पिण्याचे आहे. त्यात तेलाचे इंजिन नको, हा मुंबईकराचा आग्रह रास्त आहे आणि आपणही तो धरावा, कारण ते पाणी आपणही पितो. ओढता गळ आपल्याकडे रुळेल की नाही हे येणारा काळ ठरवील. परंतु जाळे सोडतानाही होडी संथ आणि सरळ चालावी लागते, आणि तेथे नाळेवरची मोटार तेवढीच उपयोगी पडते. बॅटरी भरण्याच्या सोयीची अडचण १८९३ साली होती तशी आज राहिलेली नाही. २०१७ सालापासून केरळात वायकोमच्या जलाशयावर पंचाहत्तर प्रवाशांची ‘आदित्य’ नावाची नौका सूर्याच्या उन्हावर चालत आहे. तेथे एवढी मोठी नौका चालते, तर आपल्या काठावर चार पत्र्यांच्या शेडवर सौर पत्रे बसवून दहा बॅटऱ्या भरणे अशक्य नाही. मोटारी आणि बॅटऱ्या संस्थेच्या मालकीच्या असाव्यात, पाळीपाळीने वापराव्यात, आणि प्रत्येक होडीवर तरंगण्याचे जाकीट सक्तीचे असावे. हा खर्च या धरणांच्या पाण्यावर जगणाऱ्या महानगरपालिकांनी आणि महामंडळाने उचलावा, ही मागणी आम्ही या व्यासपीठावरून करतो. त्यांच्या पाणीपट्टीच्या उत्पन्नात तो दिसणारही नाही.

शहापूर आणि मुरबाडच्या सुशिक्षित नागरिकांना आमची एवढीच विनंती आहे. ठेक्याची मुदत केव्हा संपते, नव्या ठेक्याची जाहिरात कोठे लागते, संस्थेचे सभासद कोण आहेत, हे कागद वाचता येणारी माणसे या सभागृहात पुष्कळ आहेत. काठावरच्या पाड्यांत ती थोडी आहेत. आपल्यापैकी पाचदहा जणांनी जरी पावसाळ्यापूर्वी एकदा तेथे जाऊन ते कागद त्यांच्यासमोर वाचून दाखविले, तरी त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर द्यायला सुरुवात होईल.